मदत हवी आहे: चौथीच्या वर्गाचा प्रमाणित चाचणीतला पर्सेंटाइल घसरलाय, निकाल कसा वाचायचा?

चौथी_ब

वर्गात २८ मुलं, सगळी गेल्या वर्षीचीच. गणिताची प्रमाणित चाचणी: ४० प्रश्न, चार पर्याय, ६० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. तिसरीत वर्गाच्या पर्सेंटाइलची सरासरी ५८ होती, चौथीत ४९ आली. पुढची फेरी सहा आठवड्यांनी आहे आणि त्याआधी सुधारणा आराखडा द्यायचा आहे.

१. ही घसरण खरी मानायची का?
२. एक मुलगी ६२ वरून ४५ वर आली आहे. पालक काळजीत आहेत, त्यांना काय सांगू?
३. 'मापन' घटकात सहा प्रश्न होते. बऱ्याच मुलांचे त्यातले दोनच बरोबर. मापन पुन्हा पहिल्यापासून शिकवू का?
४. रोज एक सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी असं सुचवलं जातंय. उपयोग होईल?

कसोटीकार

आधी एक गोष्ट: पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ४५ म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण ४५ मुलं तिच्या मागे आहेत, एवढंच. शिवाय या पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर नसतात. मधल्या भागात मुलांची दाटी असते, म्हणून एकदोन प्रश्नांनीही आकडा भरपूर हलतो. टोकाला तेवढ्याच प्रश्नांनी जेमतेम हलतो. सरासरी काढायची तर श्रेणीगुणांची काढा, म्हणजे समान अंतराच्या पट्टीवर बसवलेल्या गुणांची. ते अहवालात सहसा वेगळ्या रकान्यात असतात आणि सहसा कोणी बघत नाही.

आता मुलीचं. समजा चाचणीचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) ६ गुण आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल कितपत तसाच येईल ते, ० ते १ मध्ये) ०.८८ आहे (तुमच्या चाचणीचे आकडे मार्गदर्शिकेत असतील, ते घाला). मापनाची प्रमाण त्रुटी (एका मुलाचे गुण नुसत्या योगायोगाने साधारण किती हलतात ते) = ६ × √(१ − ०.८८) = सुमारे २.१ प्रश्न. दोन चाचण्यांमधला फरक बघताना दोन्हींची त्रुटी धरावी लागते, म्हणजे २.१ × १.४१ = सुमारे ३ प्रश्न. ६२ ते ४५ ही घसरण या पट्टीवर अडीच-पावणेतीन प्रश्नांची होते. तीच मुलगी, तीच तयारी, दुसरा दिवस, एवढ्यानेही इतका फरक पडतो. पालकांना 'घसरली' म्हणू नका, 'सुधारली नाही' असंही म्हणू नका. एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

वर्गाची गोष्ट मात्र वेगळी. २८ मुलांच्या सरासरीत चुका एकमेकींना कापतात: ३ ÷ √२८, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण प्रश्न. ५८ ते ४९ ढोबळमानाने सव्वा-दीड प्रश्नाएवढं भरतं. म्हणून सल्ला सहसा देतात त्याच्या उलट आहे: मुलीची घसरण सोडून द्या, वर्गाची घसरण गांभीर्याने घ्या.

खडूफळा

प्रश्न ३ बद्दल. सहा प्रश्नांच्या घटकगुणांवर आराखडा बांधू नका. ४० प्रश्नांची विश्वसनीयता ०.८८ असेल तर तशाच सहा प्रश्नांची ०.५२ च्या आसपास येते. एका मुलाबद्दल निष्कर्ष काढायला ती फार कमी आहे. आणि चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सहापैकी सरासरी दीड प्रश्न बरोबर येतो!

त्याऐवजी तक्ता करा. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात प्रश्न, आणि चौकटीत बरोबर-चूक न लिहिता निवडलेला पर्याय: अ, ब, क, ड, कोरा. मग रकाना वरून खाली वाचा. चुका तिन्ही चुकीच्या पर्यायांत विखुरल्या असतील तर अंदाजपंचे. सगळ्या एकाच पर्यायावर गोळा झाल्या असतील तर ती ठरावीक चुकीची समजूत असते. नेहमीच्या काही:

- ४०२ − १६८ = ३६६: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. ३३४ असेल तर शून्याचे नऊ केले, पण शतकातून घेतलेला कमी केला नाही. दोन्हींवर उपाय वेगळा.
- ८ + ४ = ☐ + ५ मध्ये १२: बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा समज.
- पट्टीवर ३ पासून ८ पर्यंतची पेन्सिल. ८ सेमी म्हणणारा फक्त शेवटचा आकडा वाचतो, ६ म्हणणारा खुणा मोजतो, मधली अंतरं नाही.
- १०:४५ ते ११:२० = ७५ मिनिटं: तास-मिनिटांची शंभराच्या हिशेबाने वजाबाकी.

शेवटच्या दोन 'मापन'मध्येच मोडतात, पण एक पट्टीची अडचण आहे, दुसरी घड्याळाची. 'मापन पुन्हा शिकवा' यातून दोन्ही सुटणार नाहीत.

वाचनघडी

वर भर: शाब्दिक उदाहरणं चुकली तर गणित कच्चं आहे असं लगेच धरू नका. चुकलेली चार उदाहरणं घ्या आणि मुलाला एकट्याला बसवून प्रत्येक तीन प्रकारे द्या: आधी स्वतः वाचून, मग तुम्ही वाचून दाखवून, शेवटी नुसती आकडेमोड. वाचून दाखवल्यावर जमलं तर अडचण वाचनाची. आकडेमोडच जमली तर मांडणीची, म्हणजे कोणती क्रिया करायची हे उमगत नाही. तीही नाही जमली तरच क्रियेचा सराव. एका मुलाला दहाएक मिनिटं लागतात; सगळा वर्ग नको, सात-आठ मुलं पुरेत.

ओएमआर_ओळ

उत्तरपत्रिका तपासा. मूल १३ वा प्रश्न सोडतं आणि १४ चं उत्तर १३ च्या ओळीत भरतं, तिथून पुढचं सगळं एक ओळ वर सरकतं. संशयित पत्रिकेला उत्तरसूची एक घर सरकवून लावून बघा. गुण ११ वरून २५ च्या पुढे उडी मारत असतील तर प्रश्न गणिताचा नाहीच. उपाय: ओळीखाली पट्टी धरायची, दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायचा.

चौथी_ब

सर्वांचे आभार. तक्ता केला. ११ मुलांचे शेवटचे तीन ते पाच प्रश्न कोरे आहेत, सरासरी चार. ओळ सरकलेली एकच पत्रिका सापडली.

कसोटीकार

म्हणजे ४४ कोरे प्रश्न. निम्मे बरोबर आले असते असं धरलं तर २२ गुण, २८ मुलांत वाटले तर प्रत्येकी ०.८ प्रश्न. घसरणीचा निम्म्याहून मोठा भाग इथेच भरतो. पण आधी गेल्या वर्षीच्या पत्रिकांचं शेवटचं पान बघा. तेव्हाही इतकेच कोरे असतील तर हे कारण बाद.

खडूफळा

प्रश्न ४: रोज पत्रिका नको. पत्रिका मोजते, शिकवत नाही. सहा आठवड्यांत दोनच घ्या, एक आत्ता आणि एक पुढच्या फेरीच्या आठवडाभर आधी. मधल्या दिवसांत रोज २० मिनिटं, आठ प्रश्न: दोन आजच्या घटकाचे, तीन गेल्या आठवड्याचे, तीन त्याआधीचे, क्रम मिसळून. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने दिली की मूल प्रश्न वाचायचंच सोडतं, पहिल्या उदाहरणाची क्रिया पुढे ढकलत राहतं.

वेळेसाठी: पहिल्या पत्रिकेत १५, ३० आणि ४५ व्या मिनिटाला मुलांना जिथे असतील त्या प्रश्नापाशी रेघ मारायला सांगा. ३० मिनिटांना विसावा प्रश्न यायला हवा. रेघ मागे असेल तर त्या टप्प्यातलं कच्चं काम बघा. पाढे न आल्यामुळे बोटांवर मोजलेल्या खुणा तिथेच सापडतात. अडलेल्या प्रश्नाला गोल करून पुढे जायचं, शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना खूण करायची, कारण गुण कापत नाहीत.

कसोटीकार

आराखड्यात एक वाक्य आत्ताच लिहून ठेवा: सर्वांत खालच्या मुलांचे गुण पुढच्या फेरीत काही न करताही थोडे वर येतील, कारण यावेळी तळाला गेलेल्यांत नशिबाने मार खाल्लेलेही आहेत. म्हणून परिणाम मोजताना फक्त तळाची मुलं घेऊ नका, सगळ्या २८ जणांचे श्रेणीगुण घ्या.