मेकॅनिकल शिकून आयटीत गेलो म्हणजे कुणाची सीट खाल्ली का?

चहा_कमी_साखर

परवा इथेच एका काकांनी लिहिलं होतं की सरकारी कॉलेजात सवलतीच्या फीमध्ये मेकॅनिकल-सिव्हिल शिकायचं आणि नंतर कॉम्प्युटरसमोर बसायला जायचं ही करदात्यांची फसवणूक आहे, अशा पोरांनी एका गरजूची सीट खाल्ली, त्यांच्याकडून फरक वसूल करावा. वाचून सोडून देणार होतो पण खाली लोकांनी टाळ्या वाजवलेल्या बघितल्या आणि डोकं फिरलं.

तर काका, ती सीट खाल्लेला मी. बार्शीकडचा. २०१० ला ऑप्शन फॉर्म नेट कॅफेत भरला, म्हणजे भरला कॅफेवाल्याने. त्याने विचारलं "मेकॅनिकल वर टाकू का, एव्हरग्रीन आहे", वडिलांनी मान हलवली, झालं करिअर. सतरा वर्षांच्या पोराला पिस्टन आवडतो का कोड आवडतो हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं कारण दोन्ही बघितलेच नव्हते.

शेवटच्या वर्षी कोअरच्या, म्हणजे मेकॅनिकलचंच काम देणाऱ्या, २ कंपन्या आल्या, मिळून ७ पोरं घेतली. आयटीवाल्यांनी एका दुपारीत ४० उचलली. मी त्या ४० मध्ये नव्हतो, मला कोअरच करायचं होतं ना! चाकणला एका व्हेंडरकडे ट्रेनी म्हणून लागलो, ९५०० रुपये. काम काय, तर भोकात प्लग गेज घालायचा. गो बाजू गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. गेली, नाही गेली, क्रेटमध्ये टाक. शिफ्टला ९०० पीस. आठ महिने केलं. पहाटे पावणेसहाला नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचो तेव्हा काका तुम्ही बहुतेक मॉर्निंग वॉकला निघत असाल.

मग सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावला आणि आयटीत आलो. आज ११ वर्षं झाली. अजून तेच करतो, गेलं का नाही गेलं बघतो, फक्त एसीत. सांगा किती भरू.

निवृत्त_पण_जागा

मीच तो. लपायचं कारण नाही.

भावनिक होऊ नका, मुद्दा समजून घ्या. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस केलं की १ वर्ष बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर १० लाख भरावे लागायचे. डॉक्टरला जो न्याय तो इंजिनिअरला का नको? मी ३४ वर्षं एका जागी नोकरी केली, कंटाळा आला म्हणून क्षेत्र बदललं नाही. हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत "इंटरेस्ट" लागतो.

चहा_कमी_साखर

डॉक्टरला बाँडमध्ये सरकार पोस्टिंग देतं हो काका. मला कोण देणार होतं? सरकारने मला कुठल्यातरी कारखान्यात वर्षभर बसवलं असतं तर मी आनंदाने बसलो असतो. नोकरी द्यायची नाही आणि केली नाही म्हणून दंड, हे भारी आहे.

आणि कुठला गरजू मुलगा? मधल्या काळात मेकॅनिकलच्या जागा ओस पडत होत्या, कॉलेजांनी त्या शाखा आटवून कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढवल्या. २०२४-२५ पासून तर एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली. सीट खायला तिथे रांग नव्हती.

भोसरीकर

आता माझं ऐका. भोसरी एमआयडीसीत २२ वर्षं शॉप आहे, ४ व्हीएमसी, २ टर्निंग सेंटर, सगळी प्रोग्रामवर चालणारी मशिनं. काकांचं म्हणणं मला पटत नाही पण या भाऊचंही रडगाणं पटत नाही. गेल्या महिन्यात तीन बीई मेकॅनिकल आले इंटरव्ह्यूला, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. व्हर्नियर हातात दिला, लीस्ट काउंट विचारला, म्हणजे कमीत कमी किती मापता येतं ते. एकाने ०.०२ मिमी सांगितला, बाकी दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसले. चार वर्षं शिकले काय मग? मला माहितीये काय शिकले, जीटी मारायला शिकले. काचेखाली बल्ब लावून सीनिअरची शीट छापायची आणि वर्कशॉपचा जॉब बाहेरून विकत आणायचा. मी स्वतः असे फिटिंगचे जॉब करून विकलेत १५० रुपयाला, त्यामुळे मला कुणी सांगू नका.

चहा_कमी_साखर

म्हणजे जीटीला माल पुरवणारे तुम्हीच 😄 आणि त्या ०.०२ वाल्याला पगार किती ऑफर केला तेही लिहा ना दादा.

भोसरीकर

१४ हजार. मग? सहा महिन्यांनी वाढवतो. व्हीएमसीचा तासाचा रेट मला आजही साडेचारशे मिळतो, कंपनी पेमेंट ९० दिवसांनी करते, लाइट बिल मात्र महिन्याला. तू येऊन चालवून दाखव शॉप. माझ्याकडचा आयटीआयचा पोरगा ऑफसेट घेतो, प्रोग्राम एडिट करतो, आज २८ हजार घेतो. तो रोज कूलंटमध्ये हात घालतो. बीईवाल्याला हात घाण नको, आल्या आल्या केबिन पाहिजे.

सातारकर_सध्या_वाकड

सगळे लोक इकडचं तिकडचं बोलताय, खरं कारण कोणी बोलत नाहीये. लग्न.

मी मेकॅनिकल, चाकणला क्वालिटीत, साडेसहा लाख, वय ३१, घरी पाच एकर बागायती, व्यसन नाही. आत्तापर्यंत २३ स्थळं. फोनवर पहिला प्रश्न मुलगा कुठे असतो, चाकण म्हणलं की पलीकडून "अच्छा कंपनीत का" असं येतं आणि तो "कंपनीत" शब्द असा काही उच्चारतात की विचारू नका. माझ्या रूममेटला माझ्याहून ५० हजार कमी आहेत पण तो हिंजवडीत आहे, लॅपटॉप आहे, शनिवार-रविवार सुट्टी आहे, त्याचं चौथ्या स्थळाला जमलं. आमचा वीकली ऑफ गुरुवारी असतो. गुरुवारी कोण मुलगी दाखवतं?? आता एसक्यूएलचा क्लास लावलाय. करिअर म्हणून नाही, स्पष्ट सांगतो, बायोडेटात आयटी लिहायला.

निवृत्त_पण_जागा

हे मात्र खरं आहे. माझ्या पुतण्याचं अगदी असंच. मुलींच्या अपेक्षा अवास्तव झाल्यात.

निहोंगो_ताई

आलंच शेवटी. तीन मेकॅनिकलवाले, एक काका, आणि चूक कुणाची तर मुलींची.

सातारकर दादा, तुमच्या बायोडेटात "मुलगी नोकरी करणारी, पुण्यातच स्थायिक, घरचं सांभाळणारी" असं आहे की नाही खरं सांगा. मुलीची नोकरी खराडीला, तुम्ही चाकणला, राहायचं वाकडला कारण तुमचं ते सोयीचं. ती दिवसाचे तीन तास रस्त्यावर आणि तुमची रात्रपाळी असली की घरात एकटी. तिने आयटीवाला मागितला तर ती लोभी, आणि तुम्ही नोकरीवाली मागितली की तुम्ही आधुनिक विचारांचे?

सातारकर_सध्या_वाकड

ताई माझ्या बायोडेटात "अनुरूप" एवढंच आहे. आईने लिहिलाय.

निहोंगो_ताई

आईने लिहिलाय. मी काही बोलतच नाही.

भोसरीकर

ताई तुम्ही चिडून बोलताय पण पगार बघून लग्न करतात हे खोटं आहे का? माझं २००४ ला जमलं तेव्हा सासऱ्यांनी शॉपवर येऊन मशिनला हात लावून बघितला होता. एक लेथ होती फक्त. आज ६ मशिनं आहेत तर माझ्याच मेव्हण्याच्या मुलीला "वर्कशॉपवाला नको". माझ्यासमोर म्हणाले.

निहोंगो_ताई

तुमच्या सासऱ्यांनी मशिनला हात लावला. बायकोने लावला होता का, तिला विचारलं होतं का कुणी? विषय संपला.

मूळ मुद्द्यावर माझंही ऐका. मी बीई ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. कॉम्प्युटरची शाखा मिळाली नाही म्हणून. तिसऱ्या वर्षाला मैत्रीण सोबत हवी म्हणून मला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या संध्याकाळच्या बॅचला ओढत घेऊन गेली. ती दोन महिन्यांत सुटली, मी जपानीच्या परीक्षेत एन२ पातळीपर्यंत गेले. आज इंटरप्रिटर आहे, रांजणगाव-चाकण पट्ट्यात. नातेवाईक अजून म्हणतात इंजिनिअरिंग वाया घालवलं.

पहिल्याच मोठ्या व्हिजिटला जपानी क्वालिटीवाले पार्टच्या कडेवरून अंगठा फिरवत सारखे "बारी, बारी" म्हणत होते आणि सप्लायरचे सुपरवायझर इतके खूश, "थँक्यू सर, थँक्यू सर". त्यांना वाटलं भारी म्हणताहेत! बारी म्हणजे बर. कडेला राहिलेली धार. माझ्यासोबतची सीनिअर इंटरप्रिटर भाषेत माझ्या कितीतरी पुढे, पण तिने आयुष्यात बर बघितला नव्हता, ती शब्द शोधत राहिली. मला फर्स्ट इयरला फायलिंगच्या जॉबवर बोट कापलं होतं, इन्स्ट्रक्टर ओरडले होते "आधी बर काढ गं". तो जॉब मी विकत आणला नव्हता, भोसरीकर दादा. एका सेकंदात कळलं. ८०० पीस परत डीबरिंगला गेले, सुपरवायझर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यामुळे काका, वाया वगैरे काही जात नसतं.

पेठेतला_पाहुणा

ताई सगळ्यांचं असं जुळून येत नाही म्हणून लिहितोय. मी बीएस्सी ॲग्री, २०१७ ला एमपीएससीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत आलो, कॉट बेसिसवर राहिलो, अभ्यासिका, मेस, परत अभ्यासिका. २०२१ ला १४ मार्चची पूर्व परीक्षा आयत्या वेळी पुढे गेली तेव्हा शास्त्री रोडवर होतो, २०२३ ला वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकलायच्या आंदोलनाच्या वेळी अलका चौकात पण होतो, मग तो २०२५ पासून लागू झाला पण तोपर्यंत घरचा धीर संपला होता, माझाही. दोष कुणाला देत नाही, दोनदा मेन्स दिली, एकदा ३ मार्कांनी राहिलं. आता एका ट्रॅक्टरच्या डीलरकडे सेल्सला आहे, शिरूर बाजूला. शेतकऱ्याशी बोलायला ॲग्री कामाला येतं म्हणतात लोक, खरं सांगू का, ॲग्री नाही कामाला येत, मी सहा वर्षं जे मेसचं वरण खाल्लं ना ते येतं, म्हणजे कुणी नाही म्हणलं तरी दुसऱ्या दिवशी परत जायची सवय. पण ती सहा वर्षं वाया गेली. गेली. ती वाया गेली नाहीत असं मला कुणी समजावू नका, राग येतो.

निहोंगो_ताई

नाही समजावत. सॉरी.

निवृत्त_पण_जागा

पेठेतला पाहुणा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. माझा रोख तुमच्यावर नव्हता.

चहा_कमी_साखर

काका, रोखाचं निघालंच आहे तर डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्याच्या बीजे मेडिकलला शिकले, चाळिशी उलटल्यावर १९६९ ला पूर्णवेळ नाटकात आले. लेखक अनिल अवचट पण बीजेचेच एमबीबीएस. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करून गायले. यांच्याकडून वसुली कुणी करायची? तुम्हीच तिकीट काढून बघितलं असेल ना.

भोसरीकर

हे बरोबर नाही. लागूंचं उदाहरण देऊन आपल्यासारख्यांचं काय सिद्ध होतं. त्यांना नाटक पडलं तर हातात डॉक्टरी होती. माझ्याकडचा पोरगा ऑपरेटिंग सोडून रील काढायला गेला तर त्याच्या हातात काय आहे? मोठ्या लोकांची नावं घेतली की वाद जिंकला असं होत नाही.

चहा_कमी_साखर

हं. हे मान्य. आधी तुमचे १४ हजार मान्य करा मग लागू मागे घेतो.

सातारकर_सध्या_वाकड

काका एक विचारू? ३४ वर्षं एका जागी म्हणालात, ती जागा कुठली आणि शिक्षण काय तुमचं?

निवृत्त_पण_जागा

बँक. शिक्षण बीएस्सी, रसायनशास्त्र.

सातारकर_सध्या_वाकड

🙏🙏🙏

निहोंगो_ताई

अरे देवा.

निवृत्त_पण_जागा

हसा. बँकेला कुठलाही पदवीधर चालत होता. मी कुणाची सीट अडवली नाही, बीएस्सीला जागा भरपूर होत्या. आणि सरकारचं मी फार तर अर्धा लिटर ॲसिटोन सांडलं असेल प्रॅक्टिकलला. त्याची तुलना इंजिनिअरिंगच्या खर्चाशी करू नका.

चहा_कमी_साखर

मेकॅनिकललाही भरपूर होत्या काका, वर तेच लिहिलंय मी.

निवृत्त_पण_जागा

ठीक आहे. "फसवणूक" हा शब्द मागे घेतो. वसुलीचा मुद्दा कायम आहे.

भोसरीकर

ए भाऊ, ते ९०० पीसचं सांग, कुठला पार्ट होता?

चहा_कमी_साखर

बुश होता. १८ मिमीचा बोअर, टॉलरन्स एच७.

भोसरीकर

शून्य ते प्लस १८ मायक्रॉन. बघ अजून लक्षात आहे तुझ्या. पगार १४ चा १८ हजार करतो, शनिवारी शॉपवर येतो का? चेष्टा नाही करत, क्वालिटीला माणूस पाहिजेच आहे.

चहा_कमी_साखर

दादा माझा होम लोनचा हप्ताच ४१ हजार आहे. चहाला येतो पण. साखर कमी.

सातारकर_सध्या_वाकड

ताई, ते जपानीचं एन५ किती महिन्यांत होतं? आणि रविवारची बॅच असते का? म्हणजे मला गुरुवारची लागेल.

निहोंगो_ताई

बायोडेटात लिहायला हवं असेल तर सांगणार नाही.

सातारकर_सध्या_वाकड

आईला विचारून सांगतो.