उरलेला बायोगॅस शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरावा का? सल्ला हवा

प्रश्न:
नमस्कार. आमच्या गोठ्यालगतच्या संयंत्रातून रोज साधारण 10 घनमीटर बायोगॅस मिळतो आणि स्वयंपाक होऊनही त्यातला बराच उरतो. तो शुद्ध करून जुन्या एलपीजी सिलिंडरमध्ये भरावा आणि पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन त्यावर चालवावे, असा विचार आहे. जाणकारांनी पद्धत सुचवावी.

उत्तर 1:
एलपीजी सिलिंडरचा विचार कृपया सोडून द्या. एलपीजी थोड्या दाबाखाली द्रवरूप होतो, म्हणून लहानशा सिलिंडरमध्ये भरपूर मावतो; बायोगॅसमधला मुख्य जळणारा वायू म्हणजे मिथेन मात्र नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. 33 लिटरच्या सिलिंडरमध्ये 10 बार दाबाने भरलात, तरी त्यात घनमीटरच्या एक तृतीयांश एवढाच गॅस मावेल आणि त्यावर एक शेगडी जेमतेम तासभर चालेल. वाहनांसाठी तो 200 बारच्या आसपास दाबतात आणि त्यासाठी त्या दाबाला प्रमाणित केलेली सिलिंडरे व ज्वलनशील गॅससाठीच बनवलेला कॉम्प्रेसर लागतो. रोजच्या 10 घनमीटरसाठी हा खटाटोप परवडण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा गॅस फुग्यात साठवा आणि पाइपने थेट इंजिनच्या हवेच्या मार्गात सोडा. डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसल्यामुळे पेट घेण्यापुरते थोडे डिझेल लागतेच, पण बाकीचे काम गॅस करतो. यासाठी बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढण्याची गरज नाही; त्यातला हायड्रोजन सल्फाइड मात्र काढायलाच हवा, कारण ओलाव्याच्या संगतीने तो धातू खातो.

उत्तर 2:
सहमत. हायड्रोजन सल्फाइडसाठी गंजलेल्या लोखंडी किसाचे पिंप पुरते. तांबूस कीस काळा पडत जातो, तो कुठवर काळा झाला हे दिसावे म्हणून आम्ही पिंपाला काचेची खिडकी ठेवली आहे. एक खबरदारी अवश्य घ्या. पहिल्यांदा कीस बदलताना आम्ही तो कोरडाच उघड्यावर पसरला आणि काही मिनिटांतच त्यातून धूर येऊन हात लावता येईना इतका तो तापला. हवा लागताच त्यातले लोहाचे सल्फाइड पुन्हा गंजू लागते आणि उष्णता सोडते, त्यामुळे तो आधी पाण्याने चांगला भिजवून, मगच घराबाहेर पातळ थरात पसरावा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सिलिंडरचा बेत रद्द केला. संयंत्रातच थोडी हवा सोडून हायड्रोजन सल्फाइड कमी करतात, असे ऐकले आहे. ते करावे का?

उत्तर 1:
इंजिनसाठी चालेल, पण प्रमाण काटेकोर ठेवा, कारण हवा जास्त झाली तर मिश्रण स्फोटक होऊ शकते. पुढे कधी गॅस दाबून भरायचा झाला, तर मात्र हे टाळा. हवेतला नायट्रोजन गॅसमध्येच राहतो आणि शुद्धीकरणात कार्बन डायऑक्साइडसारखा पाण्याने धुऊन निघत नाही.