मदत हवी आहे : पॉन्टून बोटीवर मागून पाणी उडतंय, ट्रिमची पिन कितव्या भोकात ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा. तलाव-जलाशयांत गाळ किती साचलाय ते मोजायचं काम करतो. बोटीला इको साउंडर (ध्वनी सोडून खोली मोजणारं यंत्र) लावायचा, शेतात नांगर धरावा तशी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघेत बोट न्यायची आणि खोली नोंदवत जायची. इतकी वर्षं भाड्याच्या बोटीवर भागवलं. यंदा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून स्वतःची पॉन्टून, म्हणजे दोन बंद नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट, बनवून घेतली. माणूस केमिकल प्लांटच्या टाक्या बनवणारा, बोट आयुष्यातली पहिलीच. वेल्डिंग असं की हात फिरवत बसावं. टाकी म्हणून दहापैकी दहा. बोट म्हणून काय ते खाली लिहितो.

लांबी १८ फूट, रुंदी ८ फूट, ॲल्युमिनियमचे २४ इंची दोन नळे. मधल्या चौकटीवर ३० एचपीची फोर स्ट्रोक ओबीएम (मागे बाहेरून बसवायची आउटबोर्ड मोटर), लाँग शाफ्ट म्हणजे २० इंची. पॉवर ट्रिम नाही, म्हणजे मोटरीचा तिरकेपणा (ट्रिम) बटणाने बदलता येत नाही; त्यासाठी ब्रॅकेटला पाच भोकं आणि एक पिन. माणसं चार.

मोजणीच्या वेगाला, म्हणजे ताशी ८ किमीला, डेक कोरडं असतं. रेघ संपली की पुढच्या ठिकाणी जायला वेग वाढवतो. ११-१२ च्या पुढे डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यातून पाणी उसळायला लागतं आणि २० ला तर आमच्या सूरसागर तलावातलं कारंजं. परवा लॅपटॉपवर घातलेली प्लॅस्टिकची पिशवी नेमकी कोपऱ्यात फाटकी निघाली. लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता, आता स्पेसबार सोडून सगळं चालतं.

ट्रिममुळे होत असेल असं वाटून पिन दुसऱ्या भोकातून तिसऱ्यात, मग चौथ्यात घातली (पहिलं भोक म्हणजे मोटर बोटीला सर्वांत चिकटून). नाक वर आलं, पण फवारा तसाच. वर नवीन दुखणं : वळताना मोटर एकदम किंचाळते, आरपीएम चढतो आणि बोट जागच्या जागी.

पाण्यात उतरून खालून बघा, असं कृपया सांगू नका. विश्वामित्री नदीच्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेतच, पण आम्ही चाचणी घेतो तिथेही त्या आहेत. आणि डेकवर पाणी दिसलं की माझ्याच पोटात गोळा येतो. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून शाळेची १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हापासून आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. आमच्या चौघांच्याही अंगावर जॅकेट असतं, चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी असते (माणूस पडला की मोटर बंद). तरीही.

जाणकार मार्गदर्शन करतील का?

मालवणी तांडेल :
पिनीला आता हात लावू नका. पाणी *कुठून सुटतंय* ते आधी बघा, *कुठे पडतंय* ते नंतर. पॉन्टूनवर पाणी उडायच्या जागा ठरलेल्या. पुढे नळ्यांच्या तोंडाशी, मध्ये डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर आपटून, किंवा मागे मोटरीच्या पायावर चढून. तुमचं डावीकडेच उडतंय. मोटर तर मधोमध आहे, मग एकाच बाजूला का? डाव्या नळ्यात पाणी शिरलंय का? काठावर ओढल्यावर दोन्ही नळ्यांचे ड्रेन प्लग उघडून बघा. आणि तो इको साउंडरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात बुडणारा ध्वनी सोडणारा भाग, कुठे बसवलाय?

धागाकर्ता :
प्लग उघडले, दोन्ही नळे कोरडे. ट्रान्सड्यूसर डावीकडेच आहे, मागच्या कोपऱ्याला, दीड इंची जीआय पाइपच्या टोकाला. पण पाइपची जाडी ती केवढी, त्याने एवढं पाणी उडेल?

निवृत्त जलसिंचन :
बडोद्याचे आहात, कलाभवनात (इंजिनिअरिंग कॉलेजात) शिकलात का? तर मग बर्नुली आठवा. पाइपच्या तोंडावर पाणी अडलं की वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण), एवढ्या उंचीपर्यंत ते चढू शकतं. ताशी ८ किमी म्हणजे सेकंदाला २.२ मीटर, उंची येते २५ सेंटिमीटर. ताशी २० ला ५.५ मीटर, उंची दीड मीटरच्या वर. तुमचं डेक पाण्यापासून किती वर आहे? ४५-५० सेंटिमीटर असेल तर ११-१२ च्या वेगाला पाणी डेक गाठणार, आणि तुम्ही आकडा तोच लिहिला आहे. घर्षणात काही उंची जाते हे मान्य, पण लॅपटॉप भिजायला दीड मीटर कशाला लागतं.

पंखा बदला :
मला तर मोटरीच्या पंख्याचाच (प्रोपेलरचा) दोष वाटतो. कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, लावून बघा, आमच्याकडे फरक पडला होता.

मालवणी तांडेल :
पंखा बदलून पाणी उडायचं थांबत नाही हो, खिसा तेवढा हलका होतो. आरपीएम मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर पंखा राहू द्या.

धागाकर्ते, जलसिंचन काका म्हणतात ते करून बघा. पाइप वर उचलून बांधा आणि २० ने एक फेरी मारा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळणार नाही. मागे वाकून बघायचं नाही. फोन रेलिंगला घट्ट बांधून मोटरीकडे तोंड करून व्हिडिओ घ्या. त्यात पंख्याच्या वरची आडवी प्लेट बघा. सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं काम वरची हवा पंख्यात येऊ न देण्याचं. चालत्या बोटीत ती पाण्याच्या पृष्ठभागालगत, फार तर इंचभर खाली हवी. खूप खाली असेल तर मोटरीचा पाय आणि ब्रॅकेट पाण्यात घुसतात आणि पाणी वर चढतं. पृष्ठभागाच्या वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो. तुमची किंकाळी ती हवेचीच. चौथ्या भोकामुळे पंखा तिरका होऊन पृष्ठभागाकडे आला. पॉन्टूनला स्पीडबोटीसारखं नाक वर लागत नाही. पिन परत दुसऱ्यात घाला आणि तिथूनच सुरुवात करा.

आणखी एक, वजन. बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि माणसं मागेच गोळा झालेली असतात. चाचणी रोजच्या वजनावरच घ्या, रिकाम्या बोटीवर ट्रिम लावलं तर दुसऱ्या दिवशी सगळं बदलतं.

धागाकर्ता (रविवार रात्री) :
मंडळी, अर्धी लढाई जिंकली.

पहाटे सेव उसळ बांधून घेऊन निघालो. आधी पाइप वर बांधला, बाकी कशाला हात लावला नाही. २० चा वेग, आणि डावीकडचं कारंजं गायब! आमचा चालक म्हणाला, "साहेब, दोन महिने आपण त्या पाइपलाच खोली विचारत होतो, आणि तोच आपल्याला आंघोळ घालत होता."

पण व्हिडिओत दुसरी गोष्ट दिसली. प्लेट पृष्ठभागापासून हवी त्यापेक्षा बरीच खाली, आणि मोटरीच्या पायावरून पाण्याची जाडसर जीभ वर चढून ब्रॅकेटवर फुटत होती. फॅब्रिकेटरने ट्रान्सम (मोटर अडकवायची मागची फळी) टाकीच्या मापाने ठेवलं असणार. काठावर येऊन मोटर उचलली आणि ट्रान्समवर १८ मिमी मरीन प्लायच्या दोन पट्ट्या ठेवून पुन्हा बसवली. ब्रॅकेटचे स्क्रू तर आवळलेच, आरपार बोल्टही घातले. निघताना टेलटेलची धार बघितली, म्हणजे थंडाव्याचं पाणी मोटर नीट ओढतेय ना ते. धार ठीक होती. सरळ रेघेत पाय कोरडा, पण जोरात वळलो की तीच किंकाळी. एक पट्टी काढली. आता पाण्याची जीभ करंगळीएवढी उरली आहे आणि किंकाळी नाही. पिन दुसऱ्या भोकात. पहिलंही करून बघितलं, तर नाक पाण्यात खुपसल्यासारखं वाटलं आणि सुकाणू जड झालं. बॅटरी आणि एक माणूस पुढे सरकवला.

पाइपचं काय करू? मोजणीला तो खाली हवाच.

निवृत्त जलसिंचन :
कोपऱ्यातून काढून बोटीच्या मध्यावर, पंख्यापासून लांब घ्या. पंख्याच्या फेसातून ध्वनी नीट जात नाही, त्यामुळे कोपऱ्यातल्या नोंदींतही मध्येच खोली गळत असेल. वर बिजागरी लावा, लांब जाताना पाइप वळवून घेता येईल. पाइपला मागून निमुळतं होत जाणारं, थेंबाच्या आकाराचं ॲल्युमिनियमचं कवच घातलंत तर पाणीही कमी उडेल आणि थरथरही कमी होईल. मात्र जागा बदलली की जीपीएसच्या अँटेनापासूनचं अंतर नव्याने मोजा आणि बार चेक पुन्हा घ्या. ठरलेल्या खोलीवर प्लेट सोडून आकडा पडताळायचा, तो आळस करू नका. गाळाच्या हिशेबात दहा सेंटिमीटरची चूक अख्ख्या जलाशयावर पसरते.

धागाकर्ता :
काका, खोली गळते हे तुम्हाला न सांगता कळलं! मी ते साउंडरच्या माथी मारून दुरुस्तीला पाठवणार होतो. बिजागरी उद्याच टाकतो.

आता एकच उरलं. समोरून वारा असला की लाट डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर आपटते आणि फटींतून पायांवर पाणी येतं. खालून पत्रा मारावा का?

मालवणी तांडेल :
मारा. पुढच्या टोकापासून मागे निदान दोन तृतीयांश लांबीला. पातळ ॲल्युमिनियमचाच घ्या, लोखंडी नको, दोन धातू एकत्र आले की गंज लागतो. रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच. मागच्या कडेला पाणी निथळायला फट ठेवा, नाहीतर पत्रा आणि डेक यांच्यामध्ये तळं साचेल आणि वजन तुम्हीच वाढवून घ्याल.

धागाकर्ता :
फॅब्रिकेटरला फोन केला. म्हणतो, "साहेब, टाकीला खालून पत्रा कोण मारतं?" शनिवारी बोट घेऊन त्याच्याकडे जातोय, जाताना व्हिडिओही दाखवणार आहे.