तुंबा आधी, पाती शेवटी

'ह्यू लिंडसे' या मुंबईत बांधलेल्या, बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या आगबोटीची प्रतिकृती १:१०० मापाला करताय आणि तिची चाकं प्लायवूडमधून एकसंध कापावीत का, असं विचारलंयत. माझं ऐकाल तर नको. कडेला प्लायचे थर दिसतात, रंगाखालीही लपत नाहीत. बैलगाडीच्या चाकासारखं करा : आधी तुंबा (चाकाचा मधला गोल ठोकळा), मग आरे, मग बाहेरचं कडं. पाटीवर कागद चिकटवून वर्तुळ आखायचं आणि त्या रेषांवरच जुळणी करायची. पाती, म्हणजे पाणी मागे ढकलणाऱ्या फळ्या, अगदी शेवटी. मी ती घाईने आधी लावली आणि चाक डगमगलं, पुन्हा सगळं सोडवावं लागलं. तुंबे मी बडोद्याहून संखेड्याला जाऊन कातून आणले. त्या कातारीकाकांचा हात बघण्यासारखा आहे!

मुंबईची गोदी सागाच्या जहाजांसाठी नावाजलेली, त्यामुळे साग वापरावासा वाटतो. पण त्याचे रेषे या मापाला जाड दिसतात. बारीक रेषेचं हळदूचं लाकूड घ्या.

आणि डेक मोकळा ठेवू नका. १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली तेव्हा कोळसा कोठीत मावेना, केबिनमध्ये आणि डेकवरही भरला होता. तो ढीग दाखवाच.