निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा दर्जा नेमका कशावरून ओळखावा?

प्रश्न (सांगलीची बहीण):

माझा धाकटा भाऊ अनेक वर्षांपासून दारू पितो. आता सकाळी हात इतके थरथरतात की घोट घेतल्याशिवाय त्याला चहाचा कपही धरवत नाही. वहिनी आणि मी दोन केंद्रे पाहून आलो. पहिल्याची इमारत नवी आहे. तिथे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे, पहिला महिनाभर भेट नाही आणि फोनही नाही. भाऊ तयार नसला तर रात्री गाडी पाठवून माणसे त्याला उचलून नेतील, असेही त्यांनी सांगितले. दुसरे केंद्र सरकारी अनुदानावर चालणारे, जुने आणि गर्दीचे आहे. पण तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला बसवून घेऊन बराच वेळ चौकशी केली आणि त्याला पूर्वी कधी फिट आली होती का, हेही विचारले. आमच्यासारख्यांनी निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर (मनोविकार विभागातील परिचारिका):

ताई, फिटबद्दल विचारणारे केंद्र आपले काम जाणते, असे मी म्हणेन. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काही रुग्णांना भ्रम होतो: अंगातून घाम निथळतो, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत आणि दिवस कोणता हे कळेनासे होते. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन त्यांचा डोस हळूहळू उतरवतात. यकृत खराब असेल तर औषधाची निवड बदलते, म्हणून रक्ततपासणी आधी व्हायला हवी. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

त्यामुळे ‘डॉक्टर व्हिजिटला येतात’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. पहिल्या आठवड्यात रात्री दोन वाजता रुग्णाजवळ कोण असते, त्या व्यक्तीचे शिक्षण काय, आणि प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात हलवतात, हे स्पष्ट विचारा. ‘चार दिवस तडफडेल आणि मग ठीक होईल’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठून या.

उत्तर (वकील, कोल्हापूर):

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांना उपचारासाठी दाखल करून घेणाऱ्या केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहावे. रात्री उचलून नेण्याला या कायद्यात आधार नाही. रुग्णाची संमती नसताना दाखल करायचे असेल तर कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. शिवाय एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टराने त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. ही मुदत ३० दिवसांपर्यंतच असते, आणि पुढे ठेवायचे झाल्यास वेगळी प्रक्रिया आहे. तेव्हा तीन महिन्यांचे पैसे आधीच घेणाऱ्यांना हा कालावधी कोणी आणि कोणत्या तपासणीवरून ठरवला, हे अवश्य विचारा.

भेटीच्या आणि फोनच्या वेळा ठरवण्याचा अधिकार संस्थेला आहे, परंतु महिनाभर सरसकट बंदी घालणे हे रुग्णाच्या संपर्काच्या हक्काला धरून नाही. साखळीने बांधणे, एकांतात कोंडणे, सक्तीने मुंडण करणे आणि जबरदस्तीने काम करवून घेणे या सर्व गोष्टींना कायद्याने मनाई आहे.

उत्तर (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या स्वमदत गटाच्या सभांना नियमित जाणारा):

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण शरीरातली दारू उतरल्यावर खरे काम सुरू होते. केंद्रात गेल्यावर कार्यालयात बसून न राहता जेवणाच्या वेळी आत जाऊ द्या, अशी विनंती करा. जुने पेशंटच नव्यांवर हुकूम चालवत असतील, शिक्षा म्हणून भांडी घासायला लावत असतील आणि पाहुणा दिसताच सगळे गप्प होत असतील, तर माहितीपत्रकात काहीही छापलेले असले तरी तिथे मार बसतो असे समजावे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे केंद्रात असणे मोलाचे असते, कारण आमची बतावणी त्यांना लगेच कळते. मात्र त्यांना प्रशिक्षण हवे आणि त्यांच्यावर देखरेख हवी. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात, आणि घरी गेल्यावरही फॉलो-अपला येत राहण्यावर भर असतो. हा पाठपुरावा, तसेच पत्नीसाठी वेगळे समुपदेशन, तुम्ही पाहिलेल्या केंद्रांत आहे का? घसरलेल्या माणसाला पुन्हा दारात उभे करतात का? शंभर टक्के खात्री देणाऱ्यांकडे या प्रश्नांची उत्तरे सहसा नसतात.

सांगलीची बहीण:

सर्वांची मनापासून आभारी आहे. आणखी एक विचारते. जेवणात गुपचूप मिसळून देण्याचे औषध वहिनीला कोणी सुचवले आहे. केंद्राऐवजी ते चालेल का?

मनोविकार विभागातील परिचारिका:

कृपया देऊ नका. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा डायसल्फिरॅम असते. ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो आणि जीवही जाऊ शकतो. ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. शासनाच्या १४४४६ या विनाशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. भाऊ ज्या दिवशी ‘जाईन’ म्हणेल त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात घेऊन जा, आणि तोवर घरच्या घरी त्याची दारू एकदम बंद करू नका.