अनुभव धागा : नागपुरी उन्हाळ्यात अंतराळयान

विज्ञानकथा मालिकेच्या कामातलं साहित्य, मापं आणि बिघडतं कुठे, तेवढं लिहा. किस्से चहावर.

सेट
यानाच्या भिंतींना कूलरच्या हनीकोम्ब पॅड लावा. कूलर दुरुस्तीवाल्याकडे जुन्या मिळतात. त्यातल्या खाचा तिरक्या असतात, त्यामुळे मागचा दिवा दिसत नाही, नुसता उजेड झिरपतो. मागे एलईडी पट्टीच हवी. हॅलोजन लावाल तर पेटेल. ती कागदाची असते बाप्पा!

थर्माकोलवर थेट स्प्रे मारला की त्यातलं थिनर थर्माकोल खातं. आधी फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन हात द्या, पूर्ण वाळल्यावरच रंग. चिलखताच्या ईव्हीए फोमला (मऊ, रबरासारखी शीट) आधी हीट गन, म्हणजे गरम हवेचं यंत्र. पृष्ठभाग किंचित चमकला की थांबा, मग फेविकॉल, मग अ‍ॅक्रिलिक. फोम जोडायला रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला लागेनासा झाला की दाबतात. मे महिन्यात तो बघता बघता सुकतो, म्हणून लांब सांधा वीत-वीत करत जोडा. तयार चिलखत दुपारी बंद गाडीत ठेवलं तर वाकडं झालंच समजा.

कॅमेरा
आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेम हवेच असतील तर शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला शटर किती वेळ उघडं, ते अंशांत) १८० नाही, १७२.८ अंश, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते. हिरव्या पडद्यापासून नट सहा-आठ फूट पुढे. चंदेरी स्पेससूट टाळाच, पडद्याचा हिरवा रंग त्यावर उमटतो आणि की करताना (कॉम्प्युटरवर हिरवा रंग पुसून मागचं चित्र टाकताना) छातीला भोकं पडतात. मॅट राखाडी बरा.

हेल्मेट
काचेत दिवे आणि अख्खं युनिट दिसतं. क्लोजअपला काच काढूनच घ्या. लांबच्या शॉटला काच ठेवली तर आतून भांडी घासायच्या लिक्विडचा पातळ हात पुसून घ्या, वाफ धरत नाही. पाच व्होल्टचे दोन पंखे: एक हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा, पॉवरबँक कमरेला.

*(कॅमेरावाल्यांची भर)* काच काढा, पण कडेची रिंग ठेवा. ती नसली की डोक्यात बादली घातल्यासारखं दिसतं.

मिनिएचर
यानाचं छोटं मॉडेल शूट करताना: मॉडेल खऱ्याहून जितक्या पटीने लहान, त्या पटीचं वर्गमूळ काढून फ्रेमरेट त्याने गुणायचा. १:१६ असेल तर चौपट, म्हणजे २५ चे १०० फ्रेम. हे कोसळणं, धूळ, स्फोट यांच्यासाठी. तरंगत्या यानाला लागू नाही. पाण्याच्या भानगडीत पडू नका, थेंब काही मॉडेलच्या मापाने लहान होत नाहीत. १०० फ्रेमला प्रकाश भरपूर लागतो आणि विजेचे दिवे फडफडू शकतात. मॉडेल उन्हात काढा, ते इथे फुकट आहे.

साउंड
टिनाच्या शेडमध्ये टेकपुरता कूलर बंद, पण नुसतं बटण दाबून भागत नाही. पंखा थांबला तरी पंप चालू असेल तर पाणी टपकतं. पंपही बंद करा. सीन संपला की सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद रिकाम्या जागेचा आवाज घ्या. एडिटिंगला तो मागतातच. हेल्मेटचे पंखे चालू ठेवले असतील तर त्या सीनचं डबिंग आलंच.