पातळ-हलका लॅपटॉप आत्ताच घ्यावा की नव्या चिपवाल्या मॉडेलसाठी थांबावं?

दोनकोअरी:
मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून विचारतेय. माझा लॅपटॉप २०१७ चा, आय५ ७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढवता येत नाही, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून टाकते) आणि २५६ ची एसएसडी. वजन सव्वा किलो आणि तेच मला सोडवत नाही, कारण निम्मा आठवडा तो पाठीवरच असतो. काम म्हणजे सर्व्हेचा डेटा, आर (R) या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत, जोडीला ब्राउझरचे ढीगभर टॅब आणि मधेच व्हिडिओ मीटिंग. मीटिंग चालू असताना आकडेवारीचं एखादं मॉडेल रन केलं की माझा आवाज तुटतो म्हणे, आणि पंखा असा घोंघावतो की समोरच्यांनाही ऐकू जातो.

जो घ्यायचा म्हणून मनात धरलाय त्यात इंटेलची लुनार लेक चिप आहे, कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही. पण त्याच मालिकेत पुढच्या पिढीच्या चिपचं, म्हणजे पँथर लेकवालं मॉडेल येणार असं सगळीकडे चाललंय, तारीख मात्र धड कुणी सांगत नाही. आत्ता घेतला आणि दोन-तीन महिन्यांत त्याहून जोरात पळणारा आला तर चुटपुट लागणार, थांबले तर रोज ही कटकट. थांबून खरंच किती फरक पडेल? व्हिडिओंमधले ते आलेख बघून काही कळत नाही, सगळ्यांचेच पट्टे लांब. गेम खेळत नाही. विंडोजच हवं, कामाचं एक सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं.

बिनघोर:
घ्या आणि मोकळ्या व्हा ताई. पुढचं मॉडेल कायमच पुढे असतं, ते आलं की त्याच्या पुढचं दिसायला लागतं. ७२००यू वरून उडी मारताय, आत्ताचं काहीही घेतलंत तरी विमानात बसल्यासारखं वाटेल.

खुडबुड्या:
वरच्यांशी सहमत, पण आधी एक काम करा, नवीन काही घ्यायच्या आत बघा की आत्ता अडतंय नेमकं कुठे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा, आणि ती मीटिंग-मॉडेलची सर्कस चालू असतानाच बघा, नंतर निवांत बसून नाही. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल आणि त्याच वेळी डिस्क शंभरावर नाचत असेल तर रॅम संपलीये आणि विंडोज सगळं एसएसडीवर टाकतंय-आणतंय, प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलाय. उलट मेमरीत जागा असेल आणि सीपीयू शंभर टक्के असेल तर प्रोसेसरच कमी पडतोय. आणि तिथेच खाली स्पीड लिहिलेला असतो गिगाहर्ट्झमध्ये, तो कामाच्या वेळी एकच्याही खाली दिसला तर उष्णता नाहीतर बॅटरी-चार्जरची भानगड, इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये पंख्यात धूळ बसून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते. ते असेल तर साफसफाईवर अजून काही महिने निघतील आणि मग आरामात थांबता येईल.

हे न बघता घ्यावा की थांबावा सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

दोनकोअरी:
खुडबुड्या, बघितलं. मेमरी ९४-९५ टक्के, डिस्क शंभरावर अडकलेली, सीपीयू मात्र साठच्या आसपास. स्पीड २.७ च्या खाली जात नाही. म्हणजे रॅमच ना?

खुडबुड्या:
रॅमच. आर सगळा डेटा मेमरीत उचलून घेतो आणि त्यात काही बदल करताना बऱ्याचदा अख्खी कॉपी काढतो, त्यामुळे दोन जीबीची फाईल दोन जीबीत मावत नाही, त्यात ब्राउझर आणि मीटिंग. ८ जीबीत हे व्हायचंच होतं. ३२ वर गेलात की तुमचं नव्वद टक्के दुखणं संपलं, मग चिप लुनार असो की पँथर.

तापट_पंखा:
थोडं चिपबद्दल, कारण प्रश्न तोच होता आणि त्यावर कुणी बोललंच नाही.

लुनार लेकमध्ये ८ कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत, ४ मोठे ४ छोटे, आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकावेळी दोन कामं) नाही म्हणजे थ्रेड, एकावेळी चालणारी कामं, पण ८च. रॅम चिपच्या पॅकेजवरच, म्हणजे प्रोसेसरच्याच तुकड्यावर बसवलेली, १६ किंवा ३२, त्याच्या वर मिळतच नाही आणि नंतर वाढवायचा तर प्रश्नच नाही. नावात शेवटचा आकडा बघायचा, २५८व्ही म्हणजे ३२ जीबी, २५६व्ही म्हणजे १६. दिसायला दोन आकड्यांचा फरक आहे पण दुकानाच्या पाटीवर लोकं इथेच फसतात, तुमच्या कामाला तर १६ वाला घेऊच नका.

पँथर लेकमध्ये रॅम परत पॅकेजच्या बाहेर गेलीये त्यामुळे ३२ च्या वरही मिळू शकते आणि कोअर १६ पर्यंत. मोठी वाढ दिसते ती सगळे कोअर एकदम कामाला लागतात तेव्हा. एका कोअरचा वेग त्या मानाने थोडाच वाढलाय. आता आर बाय डिफॉल्ट बहुतेक गोष्टी एकाच थ्रेडवर चालवतं, म्हणजे तुम्ही मुद्दाम समांतर चालवणारा कोड लिहीत नसाल तर ते जास्तीचे कोअर बसून राहणार आणि त्या लांब पट्ट्यांचा तुम्हाला उपयोग शून्य.

आणि गंमत बघा, पँथर लेक ही काही एकच चिप नाही. एक ८ कोअरवाली, एक १६ कोअर पण ग्राफिक्सचे ४च कोअर असलेली, आणि नावात एक्स असलेल्या एक्स७, एक्स९ मध्ये ग्राफिक्सचे १२. लुनार लेकच्या २५८व्ही मध्ये ग्राफिक्सचे ८ आहेत! म्हणजे नव्या मॉडेलमध्ये कंपनीने खालची चिप टाकली तर ग्राफिक्समध्ये निम्मे कोअर मिळणार, वर नवीन म्हणून मिरवायचं. पातळ मॉडेलांमध्ये कुठली टाकतील ते जाहीर झाल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही मात्र "पँथर लेक"साठी थांबलेल्या असणार.

दुसरं असं की पातळ डब्यात चिपपेक्षा डबा जास्त ठरवतो. तीच चिप एका लॅपटॉपमध्ये १७ वॉटवर सलग चालते, दुसऱ्यात ३० वर, पहिलं अर्धा मिनिट दोघांचं सारखंच, मग एक खाली बसतो. म्हणून रिव्ह्यू बघताना एकदाच काढलेला आकडा बघू नका, तीच टेस्ट लागोपाठ फिरवून नंतरच्या फेरीत किती उरतं ते कुणी दाखवलंय का बघा. आणि प्लग काढल्यावर किती उरतं तेही, ते फार कमी लोक दाखवतात आणि सव्वा किलोचा लॅपटॉप माणूस घेतो ते प्लग काढण्यासाठीच ना राव.

थांबा_जरा:
सगळेच घ्या घ्या म्हणताय म्हणून उलट बाजू मांडतो. थांबणं कायम मूर्खपणाचं नसतं. ताईंचाच लॅपटॉप बघा, ७२००यू म्हणजे दोन कोअर, आणि २०१७ च्याच ऑगस्टमध्ये इंटेलने आठवी पिढी जाहीर केली, तेवढ्याच १५ वॉटमध्ये सरळ चार कोअर. त्याच्या आधी वर्षानुवर्षं पातळ लॅपटॉपमध्ये दोनच देत होते. त्या वर्षी जे चार-पाच महिने थांबले त्यांना खरोखर दुप्पट मिळालं. तसंच २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हा, त्याच्या जरा आधी इंटेलवाला मॅकबुक एअर घेतलेल्यांचे चेहरे आठवा. २०१३ ची इंटेलची हॅसवेल चिप पण, वेगात विशेष काही नाही पण बॅटरी कितीतरी जास्त पुरायला लागली.

म्हणजे उडी मोठी आहे की नुसती पिढी बदलतेय हे बघून ठरवावं. यावेळी तापट_पंखा म्हणतायत त्यावरून तुमच्यासाठी उडी नाहीये, हे मान्य. आणि नवीन म्हणजे सगळंच पुढे असतं असंही नाही, २०२२ च्या एम२ एअरमध्ये २५६ वाल्याला एकच फ्लॅश चिप टाकली आणि त्याची एसएसडी आधीच्या एम१ पेक्षा हळू निघाली.

बाकी एक अवांतर, हा थांबण्याचा रोग ग्राहकांपेक्षा कंपन्यांना जास्त महागात पडतो. ऑसबर्न नावाची कंपनी होती, १९८१ मध्ये "उचलून न्यायचा" कंप्युटर काढला, वजन जवळपास ११ किलो, स्क्रीन ५ इंची, तरी धडाधड खपला. मग पुढचं मॉडेल येतंय म्हणून स्वतःच आधी जाहीर केलं, विक्रेत्यांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या आणि १९८३ मध्ये दिवाळं. इतरही कारणं होती म्हणतात, पण नाव त्याचंच पडलं, ऑसबर्न इफेक्ट.

बिनघोर:
११ किलो!! आणि इथे आपण शंभर ग्रॅमसाठी भांडतोय.

कोरा_कागद:
एक मुद्दा राहिला. ७२००यू सातव्या पिढीचा आहे म्हणजे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, त्यासाठी साधारण आठव्या पिढीपासून पुढे लागतं. तुम्ही नक्की १० वर असणार आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर आजच करा, तीही घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. सर्व्हेचा डेटा म्हणजे लोकांची माहिती आली, ती अपडेट नसलेल्या मशीनवर ठेवून चिपची वाट बघणं मला तरी पटत नाही.

आणि नवीन आलं की जुनं स्वस्त होईल म्हणून थांबणार असाल तर तो नेहमीचा हिशोब सध्या जुळत नाही. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांना लागतेय सगळी. जुना साठा संपला की ३२ वाली मॉडेलंच आधी गायब होतात.

सस्त्यात मिळतोय म्हणून स्नॅपड्रॅगनवाला (इंटेलऐवजी आर्म प्रकारची चिप असलेला) घेऊ का असा विचार येईल तर तुमचं ते कामाचं सॉफ्टवेअर आधी तपासा. साधे प्रोग्राम इम्युलेशनमध्ये (इंटेलची नक्कल करून) चालून जातात पण ड्रायव्हर चालत नाहीत, ते आर्मचेच लागतात. जुना डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली), जुना व्हीपीएन असं काही असेल तर अडकाल.

दोनकोअरी:
बापरे, नोंदणीचं डोक्यातच नव्हतं, आत्ता केली. डोंगल आहेच, म्हणजे स्नॅपड्रॅगन बाद. कोड समांतर वगैरे मी लिहीत नाही, कधीतरी आरचं डेटा.टेबल हे पॅकेज वापरते तेवढंच. तर मग २५८व्ही, ३२ जीबी, आत्ताच. आता एकच अडलंय, ओलेड स्क्रीन की साधी? दिवसभर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं असतात माझी.

तापट_पंखा:
मग साधी आयपीएस (एलसीडी), मॅट मिळाली तर उत्तम. पांढरं पान दाखवायला ओलेडला जास्त वीज लागते, त्याची बचत काळ्या स्क्रीनवर. शिवाय बऱ्याच ओलेड कमी ब्राइटनेसला लुकलुकतात, काहींचं डोकं दुखतं त्याने. आणि परत करायची मुदत आहे तोवर एकदा प्लग काढून, मीटिंग लावून, तुमचं सगळ्यात जड मॉडेल रन करून बघा.